थंड काचेवर वायू किती बसतो? आधी वजाबाकी, मग लिक्विड नायट्रोजन

लिक्विड नायट्रोजन मागवायच्या आधी कागद घ्या आणि एक वजाबाकी करा. दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास दोन-तीन पोरं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या, लॅबची काच बनवणाऱ्या आमच्या गाळ्यावर येतात. हातात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा कागद, चेहऱ्यावर घाई. "मॅडम, काचेवर नायट्रोजनचं ॲडसॉर्प्शन मोजायचंय, बल्ब केवढ्याला पडेल?" बल्ब म्हणजे दिवा नव्हे, प्रयोगाचा पोकळ काचेचा गोळा. त्याचा भाव आमचे काचवाले काका सांगतील. मी विचारते, काच किती चौरस मीटर घेणार आहात? तिथे सगळे गप्प होतात.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये २९ वर्षं सहाय्यक होते. रिटायर झाल्यावर आठवड्यातून तीन सकाळी काकांच्या गाळ्यावर बसते, त्यांचा हिशेब लिहिते आणि आलेल्या पोरांची डोकी खाते. तेच तेच तोंडी सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलंय.

ॲडसॉर्प्शन, पुस्तकात ज्याला अधिशोषण म्हणतात, ते साधं आहे. वायूचा रेणू काचेवर आदळतो, क्षणभर बसतो, उठून जातो. तो काचेच्या आत शिरत नाही, काचेशी रासायनिक बंधही बांधत नाही. व्हान डर वाल्सचं दुबळं आकर्षण, बस. नायट्रोजनसाठी ही पकड मोलमागे साधारण १० किलोज्यूल धरा. त्यावरून हिशेब केला तर खोलीच्या तापमानाला रेणू काचेवर टेकतो तो सुमारे ५ पिकोसेकंद. काच ७७ केल्विनवर नेली, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, की तोच रेणू अर्धा-पाऊण मायक्रोसेकंद बसून राहतो. लाखपट जास्त. तलावपाळीच्या कट्ट्यासारखंच आहे हे. भर दुपारी उन्हात कुणी टेकलंच तर लगेच उठतं, कट्टा रिकामा दिसतो. संध्याकाळी तेवढीच माणसं येतात, पण आलेला माणूस हलत नाही, म्हणून कट्टा भरलेला. माणसं वाढली नाहीत, बसण्याचा वेळ वाढला. थंडीत काचेवर नेमकं हेच होतं.

अमेरिकेत दिव्याच्या बल्बच्या कारखान्यात संशोधन करणाऱ्या अर्व्हिंग लँगम्यूरने १९१८ साली काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठांवर वायू किती बसतात ते मोजून छापलं. त्याच्या हिशेबात कट्टा एकदा भरला की भरला. १९३८मध्ये ब्रुनॉवर, एमेट आणि टेलर या तिघांनी सांगितलं की पहिल्या थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असेही थर बसतात. लोकलने येणाऱ्याला यात नवल वाटू नये. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट असतेच, आणि त्यापुढे उभेही असतात. तिघांच्या नावांवरून त्या समीकरणाला बीईटी म्हणतात. बसलेल्या वायूवरून काचेचं क्षेत्रफळ काढायला आपल्याला तेच वापरायचंय.

आता वजाबाकी. काचेवर बसलेला वायू थेट मोजता येत नाही. किती वायू आत सोडला ते मोजायचं, किती अजून मोकळा फिरतोय ते मोजायचं, आणि उरला तो काचेवर बसला असं म्हणायचं. म्हणून मोकळ्या वायूचा आकडा लहान आणि बसलेल्याचा मोठा असेल तरच प्रयोगात दम. उलट असेल तर तुम्ही दोन मोठ्या आकड्यांमधला फरक काढताय आणि तो फरक म्हणजे तुमच्या गेजची, म्हणजे दाबमापकाची, चूक आहे.

एक १०० सीसीचा गोल बल्ब घ्या. आतला पृष्ठभाग निघतो साधारण १०४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०१ चौरस मीटर. शून्य अंश आणि ७६० टॉरला, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाला, मोजलेला १ सीसी नायट्रोजन एकेरी थरात पसरला तर ४.३५ चौरस मीटर झाकतो. म्हणजे बल्बच्या अख्ख्या आतल्या भिंतीवर एक थर द्यायला ०.००२४ सीसी पुरतो. हे मोजायला गेलात तर डिसेंबरचा पुढचा डिसेंबर येईल. नुसत्या बल्बच्या भिंतीवर प्रयोग करायचा नाही. त्या बल्बात काच भरायची, तीही बारीक.

काचेचे मणी हा एक पर्याय. १०० मायक्रॉन व्यासाचे मणी, घनता २.५, तर एका ग्रॅमला ०.०२४ चौरस मीटर. ५० ग्रॅम भरले तरी १.२ चौरस मीटर. मला काचेची लोकर आवडते, पोरं तिला ग्लास वूल म्हणतात. तंतूचा व्यास १० मायक्रॉन असेल तर ग्रॅममागे ०.१६ चौरस मीटर. २० ग्रॅम घेतली की ३.२ चौरस मीटर झाले. सूत्र लक्षात ठेवायला सोपं: मण्याला सहा भागिले (घनता गुणिले व्यास), तंतूला चार भागिले तेच. व्यास सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजा, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. पन्नास तंतू मोजायचे आणि सरासरी काढायची. हा भूमितीचा आकडा हातात नसेल तर शेवटी आलेलं उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळणार कसं?

लोकर हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क. मी पहिल्या वेळी साडीच्या पदरात घेऊन आले होते. दोन दिवस खाजवत होते.

बाजारच्या लोकरीवर बहुतेक वेळा चिकट लेप असतो. तो राहिला तर तुम्ही काचेवरचं नव्हे, लेपावरचं शोषण मोजाल. भट्टीत उघड्या हवेत ४०० अंशाला तीन-चार तास ठेवली की लेप जळून जातो. मग गरम डिस्टिल्ड पाण्याने दोनदा चटकन धुवायची आणि ओव्हनमध्ये वाळवायची. ॲसिडमध्ये उकळायची नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावावंसं वाटतं. एका मुलाने 'स्वच्छतेसाठी' लोकर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तासभर उकळली आणि क्षेत्रफळ भूमितीच्या कित्येक पट आलं. पोरगा खूश, गाइड खूश. मी विचारलं, धुतलीस कशी? ॲसिडाने तंतूतले सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम बाहेर ओढले होते आणि मागे सिलिकाची जाळी उरली होती, भोकाभोकांची. तो मोजत होता ती काच नव्हतीच, काचेचा सांगाडा होता.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हेच काम हवा हळूहळू करते. दमट हवेत काचेच्या पृष्ठावर पाण्याचा थर असतो, त्यात अल्कली उतरते, पृष्ठ खडबडीत होतं. जून ते सप्टेंबर लोकर उघडी ठेवू नका. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा आणि शक्य असेल तर प्रयोगच दिवाळीनंतर करा.

उपकरण मोठं नाही. बोरोसिलिकेटचा बल्ब, सुमारे ६८ सीसीचा. २० ग्रॅम लोकरीची काच त्यातले ८ सीसी खाते, मोकळे उरतात ६०. बल्बची मान बारीक, आतून ४ मिलिमीटर, ही माझी अट. का ते पुढे येईल. मानेच्या बुडाशी स्वच्छ लोकरीचा एक घट्ट बोळा ठेवा, नाहीतर पंप सुरू करताच तंतू उडून कॉकमध्ये, म्हणजे काचेच्या नळीच्या तोटीत, जातात. वर एक कॉक, त्यापलीकडे १०० सीसीच्या आसपासचा मॅनिफोल्ड, म्हणजे वायू मोजून सोडायची नळ्यांची जोडणी, त्याला दाबाचे दोन गेज: एक १००० टॉरपर्यंतचा, दुसरा १० टॉरपर्यंतचा, पडद्याच्या कपॅसिटन्सवर चालणारे. आमच्या काळी पाऱ्याचा मॅनोमीटर होता, वाचायला सुंदर, पण फुटला की सांडलेला पारा फरशीच्या फटीतून महिनाभर वेचत बसायचं. आता नको. कॉक टेफ्लॉनचे, बिनग्रीसचे घ्या. ग्रीस क्रिप्टॉनसारखे वायू थोडे विरघळवून घेतं आणि नंतर सावकाश सोडतं, आणि तुम्ही ते काचेच्या नावावर लिहिता. पलीकडे रोटरी पंप, त्याच्या आणि लाइनच्या मध्ये कोल्ड ट्रॅप, म्हणजे वाफा गोठवून अडवणारी थंड नळी, जमल्यास डिफ्युजन किंवा टर्बो पंप.

जोड सगळे काकांकडून झाळून घ्या. स्वतः बर्नर हातात घेऊ नका, यूट्यूब बघून तर नाहीच. झाळल्यावर सांधा ५६० अंशाला ॲनील झालाय ना, म्हणजे तापवून काचेतला ताण काढलाय ना, हे विचारा. काका म्हणतात, "ताई, काच तुटली तर आवाज करते, गळती मात्र मुकी असते." म्हणून लाइन पंपावर असताना ठिणग्या सोडणारी टेस्ला कॉइल प्रत्येक जोडावरून फिरवायची. भोक असेल तिथे ठिणगी एका बिंदूत घुसते. एका जागी जास्त वेळ धरू नका, पातळ काचेला कॉइलच भोक पाडते.

मॅनिफोल्डचं आकारमान ठरवायला एक वेगळा बल्ब पाण्याने भरून तोलायचा. ठाण्यात पाणी ३० अंशाला असतं, २० ला नव्हे. घनता ०.९९५७ घ्या. त्या बल्बात माहीत असलेल्या दाबाचा हेलियम भरून मॅनिफोल्डमध्ये पसरू द्यायचा, दाब किती उतरला त्यावरून मॅनिफोल्ड मिळतो. दहा वेळा करा. उत्तराचा चौथा अंक हलत असेल तर कॉक गळतोय किंवा पंख्याचा वारा लागतोय. मॅनिफोल्डचं तापमान एका अंशाने हललं तर आतला वायू एक तृतीयांश टक्क्याने 'कमी-जास्त' दिसतो. पंखा बंद, एसी एकाच आकड्यावर, दार बंद. हो, दार बंद म्हटल्यावर लिक्विड नायट्रोजनचं काय, ते खाली सांगते.

आता डिगॅसिंग, म्हणजे काचेवर आधीच बसलेलं पाणी आणि वायू काढून टाकणं, ज्याला पोरं सगळ्यात कमी वेळ देतात. काचेवर पाणी दोन रूपांत असतं. एक नुसतं बसलेलं, ते पंपाखाली १५०-२०० अंशाला निघतं. दुसरं सिलिकॉनला धरून असलेले हायड्रॉक्सिल गट, ते त्यावरच्या तापमानाला जोडीजोडीने पाणी होऊन सुटतात, आणि सगळे कधीच नाही. मी हीटिंग टेप गुंडाळून ३०० अंशाला रात्रभर ठेवते, पंप चालू. सुरुवातीला तापमान सावकाश वाढवा, एकदम तापवलंत तर वाफेने लोकर उसळते. सकाळी कॉक बंद करून दहा मिनिटं दाब बघायचा. चढत राहिला तर अजून तीन तास. जुलैत एकदा सलग दोन रात्री लागल्या होत्या, पंपाचं तेल दुधासारखं झालं होतं. तापमान मात्र वहीत लिहायचंच. नायट्रोजनचा रेणू दोन टोकांना आणि मध्ये विजेचा भार असमान असलेला आहे, हायड्रॉक्सिल गटांकडे तो जास्त ओढला जातो. २०० अंशाला तापवलेली काच आणि ३०० अंशाला तापवलेली काच त्याला वेगवेगळी लागते. क्रिप्टॉन गोल अणू, त्याला हे नखरे नाहीत.

मोकळी जागा हेलियमने मोजायची, एकदा खोलीच्या तापमानाला, एकदा बल्ब लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून. ७७ केल्विनला हेलियम काचेवर जवळजवळ बसतच नाही, म्हणून तो चालतो. रात्रभर मात्र त्याला आत ठेवू नका, हेलियम काचेतूनच सरकतो. हेलियम आत असतानाच बल्ब थंड करण्यात दुसराही फायदा आहे. निर्वातातली काचेची लोकर म्हणजे थर्मासच की! बाहेरून ७७ केल्विन असलं तरी मधला गोळा तासभर कोमट राहतो. हेलियम उष्णता बाहेर नेतो. नंतर तो उपसा आणि पहिल्या डोसनंतर, म्हणजे मोजलेला वायू पहिल्यांदा आत सोडल्यावर, अर्धा तास थांबा.

इथवर आलात की नायट्रोजनने एक फेरी करा, शिकण्यासाठी. १०० टॉरवर थांबून हिशेब मांडा. बल्बातल्या ६० सीसी थंड जागेत मोकळा नायट्रोजन किती? ६० गुणिले २७३ भागिले ७७.४, गुणिले १०० भागिले ७६०. येतात जवळपास २८ सीसी. मॅनिफोल्डमध्ये अजून १२. काचेवर बसलेला पाऊण सीसी. चाळिसातून पाऊण शोधायचाय. गेजची अर्धा टक्का चूक म्हणजे ०.२ सीसी, उत्तराचा चौथा हिस्सा गेला. त्यात ७७ केल्विनला नायट्रोजन आदर्श वायूसारखा वागत नाही, दर टॉरला सुमारे ०.००६६ टक्के दुरुस्ती लागते. १०० टॉरला ती ०.६६ टक्के, म्हणजे २८ सीसीवर जवळजवळ ०.१८ सीसी. विसरलात तर आणखी एक पाव थर गेला.

आणि आता मानेची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या जुन्या बल्बची मान आतून १ सेंटिमीटरची होती. एकदा मी ड्यूवर, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचं थर्माससारखं भांडं, लावून चहाला गेले, परत आले तोवर त्यातल्या नायट्रोजनची पातळी ३ सेंटिमीटर उतरली होती. फार काय झालं, असं वाटलं. मग हिशेब केला. मानेतले २.३६ सीसी थंडीतून गरमीत आले, १०० टॉरला त्यांनी ०.८ सीसी वायू बाहेर ढकलला. म्हणजे काचेवरचा अख्खा एक थर 'उडून गेला', फक्त कागदावर! तेव्हाचे आमचे सर शांतपणे म्हणाले, "बाई, चहा इथेच आणत जा." मान ४ मिलिमीटरची केली की तेवढ्याच उतारावर चूक ०.१३ सीसी होते. मानेवर मार्करने खूण करायची आणि दर दहा मिनिटांनी नायट्रोजन त्या खुणेपर्यंत भरायचा. चहा जवळच ठेवायचा.

खरा आकडा हवा असेल तर क्रिप्टॉन. हवेत तो दहा लाखात एक भाग असतो, म्हणून महाग. पण बघा काय होतं. ७७ केल्विनला क्रिप्टॉनचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे ज्या दाबाला वायूचा द्रव किंवा घन व्हायला लागतो तो, नायट्रोजनसारखा ७६० टॉर नाही, फक्त सुमारे २.६ टॉर आहे, तोही अतिशीत द्रव, म्हणजे गोठणबिंदूखालीही न गोठलेला, धरला तर. घन धरला तर १.८च्या आसपास. म्हणून सगळं काम अर्ध्या टॉरच्या आतच होतं. ०.३ टॉरला ६० सीसी थंड जागेत मोकळा क्रिप्टॉन ०.०८ सीसी, मॅनिफोल्डमध्ये ०.०४. काचेवर ०.६. आता पारडं आपल्या बाजूला झुकलं. पातळी ३ सेंटिमीटर उतरली तरी चूक सीसीच्या हजाराव्या भागांत. तीच काच, तोच ड्यूवर, फक्त मोकळ्या वायूची गर्दी गेली.

डोस द्यायचा तो असा. पूर्ण थराला ०.६ सीसी लागणार, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये एकूण ५ टॉर. चार-पाच डोसांत वाटा, प्रत्येकी सव्वा टॉरच्या आसपास. डोस मोजा, कॉक उघडा, दाब उतरताना बघा. पहिल्या डोसला दाब जवळजवळ शून्यावर पडतो, इतका की गेज बिघडला असं वाटतं. बिघडलेला नाही, सगळा क्रिप्टॉन काचेने गिळलाय. पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेले तीन आकडे सारखे आले की नोंद करा आणि पुढचा डोस. घाईत घेतलेला बिंदू नेहमी शोषण कमी दाखवतो.

कमी दाबाला एक खोडी आहे. गेज खोलीच्या तापमानाला, काच ७७ केल्विनला, मध्ये बारीक नळी. दाब इतका कमी झाला की रेणू एकमेकांवर न आदळता भिंतींवरच आदळत जातात, तेव्हा दोन टोकांचे दाब सारखे राहत नाहीत. अगदी टोकाला थंड बाजूचा दाब गेजच्या निम्म्यावर येतो, ७७ भागिले ३०० चं वर्गमूळ. ४ मिलिमीटरच्या नळीत ०.३ टॉरला याचा त्रास थोडा, ०.०५च्या खाली जास्त. ते खालचे बिंदू बीईटीच्या रेषेत घेऊच नका, गरजही नाही.

ड्यूवरमधल्या द्रवाकडेही लक्ष हवं. उघड्या तोंडाने त्यात हवेतला ऑक्सिजन उतरत राहतो, त्याचा उत्कलनबिंदू ९० केल्विन, आणि द्रवाचं तापमान हळूच वर सरकतं. नायट्रोजनचा बाष्पदाब ७७ केल्विनजवळ अंशाला सुमारे ८५ टॉरने बदलतो, तेव्हा ०.१ अंश म्हणजे साडेआठ टॉर. तोंडावर थर्मोकोलचं सैल झाकण ठेवा आणि कालचा उरलेला नायट्रोजन आज वापरू नका. क्रिप्टॉनसाठी तापमान थर्मामीटरने मोजून लिहा.

गणित मराठीतच सांगते. प्रत्येक बिंदूचा दाब भागिले संपृक्त बाष्पदाब, हा सापेक्ष दाब. तो आडव्या अक्षावर. उभ्या अक्षावर सापेक्ष दाब भागिले [(एक वजा सापेक्ष दाब) गुणिले बसलेला वायू]. ०.०५ ते ०.३ या पट्ट्यात सरळ रेघ यायला हवी, क्रिप्टॉनसाठी मी ०.२लाच थांबते. रेघेचा चढ आणि उभ्या अक्षावरचा छेद यांची बेरीज करा आणि एकाला तिने भागा. तो एका थराचा वायू. समजा चढ १.६६ आला, छेद ०.०४, बेरीज १.७०. एक भागिले १.७० म्हणजे ०.५८८ सीसी. एका सीसीत २.६८७ गुणिले दहाचा १९वा घात इतके अणू, आणि क्रिप्टॉनच्या एका अणूला ०.२०२ चौरस नॅनोमीटर जागा. गुणाकार ३.१९ चौरस मीटर. २० ग्रॅमने भागा, ०.१६. भूमितीने सांगितलेलं तेच. असं जुळलं की माझ्याकडून वडापाव. आजवर दोनदाच द्यावा लागलाय.

क्रिप्टॉनच्या अणूला किती जागा द्यायची यावर एकमत नाही, ०.१९५ पासून ०.२१ पर्यंत आकडे सापडतील. कुठलाही घ्या, पण कुठला घेतला आणि बाष्पदाब द्रवाचा की घनाचा धरला, ते लिहा. उत्तर भूमितीच्या दीडपट आलं तर घाबरू नका, काच तेवढी खडबडीत असू शकते. पाचपट आलं तर आधी लेप, मग ॲसिड, मग गळती तपासा. भूमितीपेक्षा कमी आलं तर लोकर थंड झालीच नव्हती, किंवा डिगॅसिंग अर्धवट.

आता बंद दाराचं. १० लिटर लिक्विड नायट्रोजन सांडला तर सुमारे ७००० लिटर वायू होतो. आमचा गाळा १० बाय १२ फूट, उंची ९ फूट, म्हणजे आत ३० हजार लिटर हवा. ऑक्सिजन २१ वरून १७ टक्क्यांच्या खाली येईल, आणि साडेएकोणीसच्या खाली धोका मानतात. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस सरळ कोसळतो. म्हणून मॅनिफोल्डच्या बाजूचा पंखा बंद, पण वरचा एक्झॉस्ट चालू आणि भिंतीवर ऑक्सिजनचा अलार्म. एकट्याने काम करायचं नाही. ड्यूवर रिक्षातून आणायचा नाही, लिफ्टमध्ये ड्यूवरसोबत माणूस जायचा नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एमआयडीसीतून आणताना उघड्या टेम्पोच्या मागे बांधायचा, पुढे केबिनमध्ये नाही. झाकण सैलच हवं, घट्ट बूच लावणाऱ्याला मी गाळ्यात घेत नाही. गॉगल आणि सैल चामडी हातमोजे, म्हणजे थेंब आत गेला तर झटकून काढता येतात.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच. थंड ट्रॅपमधून कधीही हवा ओढू नका. गळती असेल तर आत ऑक्सिजन द्रव होऊन साठतो, फिकट निळा दिसतो. पंपाच्या तेलाची वाफ तिथे पोचली की तो बाँब. निळं दिसलं तर ड्यूवर काढू नका, पंप बंद करू नका, ट्रॅपला मोकळी वाट ठेवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दूर राहून त्याची आपोआप वाफ होऊन जाऊ द्या. तसाच, गोठलेला वायू आत ठेवून बल्बचा कॉक बंद केला आणि ड्यूवर उतरवला तर बल्ब फुटतो.

बंद करायचा क्रम पाठ करा. बल्बचा कॉक मॅनिफोल्डकडे उघडा, मॅनिफोल्ड पंपाकडे उघडा, मग बल्बचा ड्यूवर सावकाश खाली. बल्ब खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पंप चालू. मग लाइन पंपापासून तोडा, ट्रॅपचा ड्यूवर काढा, पंप बंद करून त्याच्या तोंडाशी लगेच हवा सोडा, नाहीतर तेल उलटं चढतं.

राहिलं लोकरीचं वजन. ते सुरुवातीला नाही, आत्ता घ्यायचं. भरताना २० ग्रॅम तोललेल्या लोकरीत पाणीही होतं. निर्वात केलेला बल्ब कॉकसकट तोला, मग लोकर काढून रिकामा बल्ब पुन्हा निर्वात करून तोला. फरक २० पेक्षा थोडा कमी येईल. भागाकार त्या आकड्याने करायचा.